बारा कागदांची पाल

सोमवार, ८ जून. दुपारी अडीच.
आलेलं सामान:
मऊ शिशाच्या पेन्सिली, सहा: ९०.
बटर पेपर, एक गुंडाळी: १२०.
टॅबलेट, वापरलेला, कोपऱ्यात तडा, त्यावर काढायच्या पेनासकट: २,८००. (धाकटीची मैत्रीण तीन हजार म्हणत होती. तडा दाखवला.)
खोडरबर: आणलं नाही. घरातलं आहे.

हे विचारतील म्हणून कारण टिपून ठेवते. थोरल्याची पाल मी पुन्हा काढणार आहे. तीस जुलैला त्याचा वाढदिवस. बावन्न दिवस आहेत, कागद बारा. चार दिवसांना एक कागद धरला तरी वर चार दिवस उरतात. आरामात होईल.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे. पंखवालं, डोंगराएवढं जनावर. त्याला इंग्रजी नाव आहे, मला पाल सोपं पडतं. थोरला तीन वर्षं काढत होता. बारा कागद जमिनीवर जोडले की अख्खं दिसायचं म्हणे. आमच्याकडे एवढी जमीन कुठे मोकळी? मी अख्खं कधी पाहिलं नाही. एका कागदावर नुसती शेपटी, एकावर नुसता पंजा, असंच पाहिलं.

गेल्या ऑक्टोबरात आवराआवर काढली. त्याच्या टेबलाखाली हे कागद. इतका जाड, सुरेख कागद मी मॅट्रिकच्या वर्षी चित्रकलेच्या बाईंकडे पाहिला होता, त्यानंतर नाही. थोरल्याने फोनमध्ये फोटो काढलेला मी पाहिला होता. म्हणजे चित्र फोनमध्ये गेलं, कागद मोकळे झाले, असं मी धरलं. दोन दुपारी बसून बाराच्या बारा पुसून काढले. मनगट सुजलं. पण कागद पुन्हा कोरे, त्याला नवे आणायला नकोत.

फोटो होता, पण पालीच्या नुसत्या डोळ्याचा. पंधरा दिवसांनी ते बारा कागद कुठल्याशा गेम बनवणाऱ्या कंपनीत दाखवायचे होते, हे मागाहून कळलं. आधी सांगायला नको?

तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, सगळे? मी म्हटलं, बाराच्या बारा, एक डाग शोधून दाखव. एक कागद खिडकीपाशी धरून पाहिला, खाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम शोधायला परगावी गेला. पांघरुणाची घडी घालून गेला. रागावलेला माणूस घडी घालत नाही.

मी फोन करते तो लागत नाही. तिकडे रेंज नसते.

मंगळवार, ९ जून. सकाळी सहा.
देवापाशी बसून झाल्याशिवाय पेन्सिल धरायची नाही, असं ठरवलं. देवाने केलं नाही ते जनावर आपण काढलं तर पाप लागतं का, हा विचार मनात आला. मग वाटलं, जिराफही कुणी आधी सांगितला असता तर खरा वाटला नसता. देवाचं मन मोठं आहे. तरी दोन मिनिटं जास्त हात जोडले.

रविवार, १४ जून.
काही काढलं नाही. कपाट आवरलं.
हे दर रविवारी सहाला फोन घेऊन खाली जातात, पाय मोकळे करायला. फोन पावलं मोजतो म्हणे. अर्ध्या तासाने वर आले. किती झाली विचारलं तर म्हणाले, कसली?

बुधवार, १७ जून.
खालच्या पेंटरला गाठलं. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता पाट्या मशीनमधून निघतात, त्यामुळे त्याला वेळच वेळ. सगळं सांगितलं. म्हणाला, वहिनी, पुसली तरी पेन्सिल कागदात रुतलेली असते. दिवा आडवा धरा, चर दिसतील. वर बटर पेपर ठेवून उचलून घ्या.
म्हणजे काहीच गेलेलं नाही! उगाच आठ महिने जिवाला घोर.
आणखी म्हणाला, जनावर काढताना आधी हाडं, मग मांस, कातडं शेवटी. मी म्हटलं, आमच्याकडे यातलं काहीच शिजत नाही. हसला नाही.

शनिवार, २० जून. रात्री.
दिवा आडवा धरला. दिसतं! शेपटीचे खवले दिसले. पण पुसटसे. पेन्सिल आडवी फिरवली तर चर पांढरे उमटतील असं वाटलं, म्हणून थेट त्याच कागदावर फिरवली. उमटले. आणखी उमटावेत म्हणून दाबून फिरवली. आता शेपटीच्या जागी कोळशाचं पोतं आहे.
अकरा कागद आहेत. अकराही पुष्कळ.

सोमवार, २२ जून.
शेपटी काय, कुठल्याही जनावराला सारखीच. ट्यूबलाइटमागच्या पालीची बघून काढीन. आज पहिल्यांदाच तिला झाडूने हाकललं नाही. वीस मिनिटं मान वर करून बसले. ती हलली नाही, माझी मान मात्र अजून हलत नाही.

गुरुवार, २ जुलै.
सात कागद बटर पेपरवर उचलले. पेंटर म्हणाला, हात बसतोय. (हात थरथरतोय असंही म्हणाला, पण ते आधी.)
एक पंख दुसऱ्यापेक्षा वीतभर लहान झाला आहे. दूरचा पंख लहानच दिसतो. पेंटरने विचारलं, वहिनी, दूरचा तो दुसरा ना? मी म्हटलं, पालीला फिरायला काय लागतं.

रविवार, ५ जुलै.
थोरल्याचं टेबल पुसलं. तो काढत बसलेला असला की झाडताना त्याला पाय उचल म्हणावं लागायचं नाही. झाडूचा आवाज आला की मान वर न करता दोन्ही पाय उचलायचा आणि मी जाईपर्यंत तसेच अधांतरी धरून बसायचा. कधी कधी मी मुद्दाम सावकाश झाडायची.
आता टेबलाखाली पटकन होतं.
हे खालून आले आणि म्हणाले, तिकडे पावसाने गारठा पडला असेल, एखादं लोकरीचं लागेल. मी म्हटलं, कुणाला? म्हणाले, कुणाला नाही.
स्वेटर विणायला घेते. ह्यांनाच होईल.

शुक्रवार, १० जुलै.
धाकटीने बटर पेपरचे फोटो टॅबलेटमध्ये घालून दिले. आता रंग. थर नावाची सोय असते. एका थरावर रेघा, दुसऱ्यावर सावली, तिसऱ्यावर रंग, काचेवर काच ठेवावी तसे. मागे जायचं बटणही आहे. चुकलं की दाबायचं, चूक झालीच नव्हती असं होतं. मी नुसतंच दहा वेळा दाबून पाहिलं. धाकटी म्हणाली, आई, काही काढलंस तर मागे जाशील ना.

मंगळवार, १४ जुलै.
धाकटीने एकवीस थर करून ठेवले होते. एवढ्याशा वस्तूत एकवीस! टॅबलेट आधीच म्हातारा. सगळे एकत्र करून एकच ठेवला. जागा किती वाचली.

बुधवार, १५ जुलै.
एकत्र केलेले थर सुटे होत नाहीत. रेघा निळ्या रंगात बुडाल्या आहेत. मागे जायचं बटण दाबलं, पण रात्री टॅबलेट बंद केला की ते कालचं सगळं विसरतं. धाकटी कपाळाला हात लावून म्हणाली, आई, तुला मोकळी जागा बघवतच नाही का?  
निळी पालही वाईट दिसत नाही.

सोमवार, २० जुलै.
पेंटरला टॅबलेट दाखवला. म्हणाला, एवढीशी वाटते. मी म्हटलं, अहो डोंगराएवढी आहे. म्हणाला, कशावरून? पायाशी माणूस उभा करा, नखाएवढा. माणूस लहान दिसला की जनावर आपोआप मोठं होतं. नाहीतर ही भिंतीवरचीच.
तेव्हा आठवलं. बाराव्या कागदावर पंजाखाली नखाएवढं काहीतरी होतं. मला डाग वाटला. सगळ्यात आधी मी तेच पुसलं होतं.

मंगळवार, २१ जुलै. पहाटे.
सापडला! दिवा अगदी कागदाला टेकवून धरला तेव्हा दिसला. वाकलेला शिपाई, हातात भाला. वर पालीचा पंजा उचललेला, आता चिरडणार. काय धाडसाचं चित्र. बटर पेपरवर उचलला, भाल्याला चांगलं टोक काढलं, डोक्यावर शिरस्त्राण घातलं. बाकी काही न जमलं तरी एवढं उत्तम जमलं आहे. नऊ दिवस आहेत. सगळं रंगवून होईल, छापून होईल, तीस तारखेला त्याच्या हातात असेल. पत्ता मिळवायचा तेवढा राहिला आहे.

शनिवार, २५ जुलै.
पेंटर शिपाई बघून म्हणाला, हा लढत नाही हो. लढणारा माणूस वर बघतो, हा खाली बघतोय. आणि जनावरही चिडलेलं नाही. पंजा मारायचा असता तर नखं बाहेर असती.
पाट्या रंगवणाऱ्याला लढाईतलं काय कळतं?

रविवार, २६ जुलै. संध्याकाळी पाच.
धाकटीला बारावा कागद आणि त्यावरचा माझा बटर पेपर दाखवला. दिवा तिने धरला. बटर पेपर उचलून खालचा कागद पाहिला. मग म्हणाली, आई, हे शिरस्त्राण नाही, अंबाडा आहे. पदरही खोचलेला आहे. भाल्याला टोक तू काढलंस, खाली केस आहेत त्याला. झाडू आहे तो.
मी विचारलं, मग पंजा कशाला वर?
तिने दिवा माझ्या हातात दिला. मी तो पालीच्या डोक्यापाशी टेकवला.
पालीने मान वर केलेली नाही. थोरला हातातलं काम करता करता पंजा अधांतरी धरून बसला आहे.

तीच, सहा वाजता.
हे फोन घेऊन निघाले. दारात म्हटलं, पावलं मोजून झाली की पत्ता द्या. जिन्यावर थांबले. मग वर आले आणि भिंतीला कागद टेकवून पत्ता लिहून दिला, घर नंबर, मजला, सगळं. कुठे बघावं लागलं नाही.
कसा आहे, एवढंच विचारलं. म्हणाले, बरा आहे. जेवतो वेळेवर. मी म्हटलं, माझ्याविषयी? हे म्हणाले, पाठीला बाम लावते का विचारतो.
नऊ महिने.

गुरुवार, ३० जुलै.
पाल माझ्याने होत नाही. पत्र पाठवलं त्याची नक्कल:

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.
सोबत कागद बारा. अकरा कोरे, शेपटीचा मी खराब केला. स्वेटर एक, बाह्या लांब झाल्या असतील, दुमडून घाल. हे पत्र पोचेल तेव्हा वाढदिवस उलटून गेलेला असेल, त्याला इलाज नाही.
मी पुसले ते चुकले. बटर पेपरवरचे घालत नाही, ते तुला बघवायचे नाहीत.
शेवटच्या कागदावर ती बाई झाडते आहे तिथे आडवा दिवा धरला की बाई दिसते, झाडू दिसतो, पण पंजा जमिनीपासून किती वर होता ती रेघ पार गेली आहे. मी फार जोर लावून पुसलं. तुझ्याशिवाय ते कुणालाच ठाऊक नाही. फोन नको असेल तर नको.
पंजा किती वर, तेवढं उलट टपाली कळव.
तुझी आई