माहेनूरचा अभ्यास

सोलापूर, शुक्रवार

प्रिय झीनतआपा,

मंगळवेढ्यात तुम्ही सगळे बरे असाल. फोनवर तू विचारलंस की मी 'सगळं ठीक' म्हणून मोकळा होतो, म्हणून लिहितोय. एकटीच वाच.

माझी माहेनूर तिसरीत आहे. तोंडी हिशेब चटकन सांगते, पण तिला वाचता येत नाही. दोन वर्षं आम्हाला कळलंच नाही, कारण ती धडे पाठ करायची. दिवाळीत ती धडा वाचून दाखवत असताना मी सहज पानावरच्या चित्रावर हात ठेवला आणि ती थांबली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरगी ढ नाही, तिची शिकायची रीत वेगळी आहे, सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. मी म्हणालो, आमच्या घरात असं कुणी नाही. आपा, सातवीत शाळा सुटेपर्यंत माझा गृहपाठ कोण लिहायचं, हे तुला ठाऊक आहे.

आता मी ट्रकवर नावं रंगवतो. आधी खडूनं आखतो, तीनदा तपासतो, मगच ब्रश लावतो. एक अक्षर चुकत नाही. लोकांना ती हुशारी वाटते. ती भीती आहे.

माहेनूर चारला येते, तुझी भावजय टॉवेलच्या कारखान्यातून सातला. मधले तीन तास आम्ही दोघंच. आधी मी फरशीवर अक्षरं काढून द्यायचो, ती त्यावरून बोट फिरवत हसायची. मग माझा आवाज चढू लागला. शेजारच्या गोदावरीकाकू भिंतीवर थाप मारून म्हणायच्या, "खालिद, लेकरू हाय रे ते, ट्रक न्हाय!" हल्ली थाप येत नाही. हल्ली मी ओरडत नाही.

अब्बा मला पान वाचून होईपर्यंत खाटेच्या पायाला बांधून ठेवायचे. तू गुपचूप गाठ सैल करायचीस. माझ्या लेकराला असं कधी करणार नाही, अशी मी शपथ घेतली होती. सोमवारी ती धडा अर्धा टाकून उठली. दोरी माझ्या हातात कधी आली, मला कळलं नाही. नंतर मी तिची माफी मागितली, कुल्फी आणली. बुधवारी पुन्हा तेच.

काल तिनं दप्तर ठेवलं, आपणहून खाटेजवळ बसली, मोजे काढले आणि विचारलं, "अब्बू, आज कौनसा पांव?"

आपा, पत्र मिळेल त्याच दिवशी ये आणि तिला घेऊन जा. तपासणी तूच करून घे. मी दारात आडवा येईन. तू कोण सांगणारी, म्हणेन. रडेनसुद्धा. थांबू नकोस.

तुझाच धाकटा,
खालिद