कसंही चालेल

३ मार्च, सोमवार

एकशे बारा अंडी आज. तीन फुटली, त्यातलं एक माझ्या चपलेवर! टाइमकीपरने ताट परत पाठवलं, कारण पिवळं फुटलं होतं. फुटलेलं पिवळं त्याला बघवतच नाही. दुसरं करून दिलं. डेपोच्या या कँटीनमध्ये तव्यापुढे अकरा वर्षं काढली, त्याला एकदाही फुटलेलं खायला लावलं नाही.

मनगट ठणकतंय. चहावालीने बघितलं आणि ओरडली. तिचं काउंटर माझ्या शेजारीच, काही लपत नाही.

ऐन गर्दीत ऑफिसचा कारकून कागद वाटत फिरत होता. मलाही एक दिला. आठ ताटं रांगेत — वाचत कोण बसणार? टिक मारली, सही ठोकली, त्याला वाटेला लावलं.

५ मार्च, बुधवार

नवी कंडक्टर आलीय. अंडं आवडत नाही म्हणाली, पण दुपारपर्यंत पोटाला आधार हवा. पातळ ऑम्लेट घातलं, कडा कुरकुरीत, मिरपूड जरा सढळ. ताट चाटूनपुसून साफ! मला ठाऊक होतं. ज्याला अंड्याचा वास नको त्याला कडा कुरकुरीत द्यावी.

असं एकेकाचं डोक्यात आहे. वेल्डरला पिवळं वाहतं हवं, पावाने पुसून खायला. पहाटेच्या गाडीच्या ड्रायव्हरला घट्ट उकडलेलं, शर्टावर सांडायला नको म्हणून. चहावाली फक्त पांढरं खाते, पिवळं माझ्या ताटात टाकते. मी ते खाते, वर फुटलेली अंडीही. माझं भागतं.

१० मार्च, सोमवार

मॅनेजरने बोलावलं. एक तारखेपासून उकडून सोललेली अंडी डब्यांतून बाहेरून येणार. तवा बंद. मी भांडी घासायला. पगार तेवढाच, म्हणाला, जणू मी पगाराचं विचारलं होतं.

मी म्हटलं, लोक ऐकणार नाहीत. तर तो हसला. म्हणाला, लोकांना विचारूनच केलंय. त्या दिवशीच्या कागदावर दोनच रकाने होते — 'माझ्या आवडीचंच हवं' आणि 'कसंही चालेल'. ड्रॉवरमधून गठ्ठा काढून वरचे दोन कागद माझ्यापुढे धरले. टाइमकीपरचा आणि वेल्डरचा. दोघांचं कसंही चालेल!

"एकाने जरी पहिल्यावर टिक केली असती ना, तर मी वरती भांडलो असतो. एकानेही नाही."

घरी आले. ह्यांना काही सांगितलं नाही.

११ मार्च

केसाने गळा कापला मेल्यांनी.

टाइमकीपरचं एक वेळ सोडा. पण वेल्डर! पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला काही जात नव्हतं. बायको रडकुंडीला आलेली. महिनाभर ड्यूटी संपवून त्याच्या घरी जात होते, चार मिनिटांचं अंडं चमच्याने फोडून समोर ठेवत होते. तेव्हा म्हणायचा, ताई, तुझ्या हातचंच उतरतं गं घशाखाली. आता कसंही उतरतं!

ह्यांना शेवटी सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, अंडंच आहे ना. मी जेवण वाढलं. ह्यांच्याशी बोलून उपयोग नाही.

१३ मार्च, गुरुवार

कसंही चालतं ना? घ्या मग.

सगळ्यांना बारा मिनिटं उकडलेलं. पिवळ्याभोवती हिरवट कडा, आत भुसा. टाइमकीपरला मुद्दाम तव्यावरचं दिलं, पिवळं उलथण्याने फोडून. तो ताटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग खाल्लं. सगळं! वेल्डर कोरडाच पाव चावत बसला. नवी कंडक्टर नाक दाबून गिळत होती.

कुणी एक शब्द बोललं नाही. एकाने तरी ताट आपटायचं होतं, मला शिव्या घालायच्या होत्या. मागे सिलिंडरच्या खोलीत जाऊन रडले. म्हणजे अकरा वर्षं मी कुणासाठी तव्यापुढे भाजत होते?

१४ मार्च

चहावालीलाही अख्खं दिलं. पिवळ्यासकट खाल्लं तिने. माझ्या ताटात टाकलं नाही. तिच्याशी बोलणं बंद.

१७ मार्च, सोमवार

चहावालीने नळापाशी गाठलं. म्हणाली, आज बोलल्याशिवाय सोडत नाही. कागद वाटताना कारकून प्रत्येकाच्या कानात सांगत होता म्हणे — बाईंचं मनगट सुजलंय, जरा काम हलकं करायचंय, अडून बसू नका. मॅनेजरनेच शिकवलं होतं त्याला. म्हणून सगळ्यांनी लिहून दिलं.

"तुझा हात वाचावा म्हणून गं. तवाच जाणार हे कुणाला माहीत?"

"मला विचारायला तोंड नव्हतं कुणाला?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

नसते म्हणाले. तिला ठाऊक आहे, मलाही. आणि हे चार दिवस लोक गपगुमान भुसा गिळत होते ते याचसाठी — त्यांना वाटलं, माझा हात खरंच गेला. टाइमकीपर तर म्हणाला म्हणे, बाईंना आता पिवळंही सांभाळता येत नाही, कुणी बोलू नका त्यांना.

तरी राग जात नाही. माझ्या मनगटाचा निकाल माझ्या पाठीमागे लावला! आणि सत्तावन्न माणसांत एकालाही वाटलं नाही की मला माझ्या आवडीचंच हवं, बाईंचा हात दुखो की तुटो? तिला तसं म्हटलं. ती पदराने तोंड पुसून चहा उकळायला गेली.

उद्या मॅनेजरकडे जाऊन गठ्ठा स्वतः बघणार. वरचे दोनच दाखवले त्याने. एक तरी वेगळा निघेल. एक निघाला की त्याच्याच शब्दात त्याला धरते.

१८ मार्च

सगळे बघितले. एकेक, दोनदा. छप्पन्न कागदांवर कसंही चालेल.

सत्तावन्नावा तेलकट होता, कोपऱ्यात अंगठ्याचा डाग. टिक त्याच रकान्यात. खाली सही माझी.

उद्या टाइमकीपरचं पिवळं फुटता कामा नये.