केशरी पाणी

१ मार्च १९९६
बारामती एमआयडीसीत रुजू झालो, आणि पहिल्याच दिवशी कारखान्याच्या प्रेमात पडलो! औषधाचा कच्चा माल करायला इथे ना भट्टी, ना आम्ल. छपरावर काचेच्या नळ्या, त्यांत केशरी पाणी, पाण्यात विरघळलेला धातू. ऊन पडलं की धातू कामाला लागतो आणि तळाशी पांढरे खडे जमतात. धातू स्वतः तसूभर कमी होत नाही. इतका गुणी कामगार शोधून सापडायचा नाही.
काटेवाडीत गोजरबाईंकडे खोली मिळाली. पद्माला माहेर नाही, म्हणून बाळंतपण इथेच. त्या सगळं बघणार आहेत.

९ मार्च
ऊन उतरल्यावर नळी फुटली, उजवा हात मनगटापर्यंत केशरी झाला. साबण, रॉकेल, कशाने जाईना. छपराचा राखणदार सोपान बघूनच पांढराफटक पडला. तो शेळगावचा, पूर्वी मेंढरं राखायचा. म्हणाला, सायेब, सांडल्यालं त्ये पानी माजी मेंढी प्याली हुती. उन्हात चरता चरता सरली. मागं नुस्ती लोकर आन पांढरं खडं. हात झाका.
मी हसलो. पण म्हातारा हात जोडायला लागला, तेव्हा हातमोजा घातला.

२४ मार्च
मुलगी झाली! पावणेतीन किलो. पद्मा आत्तापासूनच तिला आसावरी म्हणते. न्हाऊ घालतात गोजरबाई. विसण घालायचं काम मात्र मी मागून घेतलंय. हातमोजा काढून कढत पाण्यात हात फिरवायचा, लेकीला सोसेल इतकं गार पाणी ओतायचं. एवढं सुख मला माहीत नव्हतं.

३१ मार्च
न्हाणं झालं की गोजरबाई तिला कोवळ्या उन्हात घेऊन बसतात. आज उठताना त्यांच्या पदरातून पांढरे खडे सांडले. मीठ कुटनं आलं, असं त्या पुटपुटल्या.
ते मीठ नाही. मी रोज तेच तोलतो.

१ एप्रिल
अडीच किलो. अंगावर दूध पिते, तरी अडीच.
बोट उन्हात धरून बघितलं. दुखलं नाही. पहिलं पेर गेलं — टेबलावर खडे. हे डाव्या हाताने लिहितोय.
साबणाने न गेलेला रंग विसणाच्या कढत पाण्यात सुटत होता. खिडक्या बंद केल्या. पद्माला सगळं सांगितलं. ती उन्हाला नाही, मलाच भ्यायली.

३ एप्रिल, दुपार
सोपानला घेऊन आलो, तो सांगेल म्हणून. खोली रिकामी. गोजरबाई म्हणाल्या, आनंदराव, पोर पिवळी पडलीया, कावीळ हाय, पद्मा दवाखान्यात घिऊन गेली.
कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवतात. उघडं.

दवाखाना
डॉक्टरांना सांगितलं. दिवे बंद करा म्हणून ओरडलो. दोघांनी धरून या खोलीत कोंडलं. दाराच्या काचेतून निळा उजेड दिसतो. बाहेर सोपान काहीतरी विनवतोय — त्यालाही हाकललं —
रडतेय. म्हणजे आहे.
मी केलं हे. माझ्या हाताने.
रडणं बारीक झालं —
थांबलं. पद्मा म्हणते, झोपली.
नर्स आत गेली. लगेच बाहेर. पद्माला विचारतेय, बाळ तुम्ही कधी उचल