सरांची अँटिबॉडी

१२ जानेवारी, सोमवार

"तुझी डिश खोटी आहे, गौतमी."

माझ्यासोबतच पीएचडी करणारा किशोर हे सगळ्यांसमोर म्हणाला! लॅब मीटिंगमध्ये, चहाचा कप हातात धरून! आणि शेखर सर — माझे गाईड, पाच वर्षं ज्यांच्या हाताखाली राबतेय ते — खिडकीबाहेर बघत बसले. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मात्र मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढत बसले. म्हणून इथे लिहितेय.

१३ जानेवारी

राग जरा बाजूला ठेवून एकदा सरळ मांडते. मीटिंगमध्ये मांडूच दिलं नाही कुणी.

मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींना भिडतात तिथे सिनॅप्स होतो — निरोप इकडून तिकडे जायची जागा. दोघींच्या अंगावर चिकटणारी प्रोटीनं असतात. एकीवर न्यूरेक्सिन, दुसरीवर न्यूरोलिजिन. हातात हात घातल्यासारखी ती एकमेकांत अडकतात. सरांचं म्हणणं — हात धरला म्हणूनच सिनॅप्स होतो. न्यूरोलिजिन नाही, तर सिनॅप्स नाही. ह्यावरच सरांचं नाव झालंय.

मी न्यूरोलिजिनचं जनुक काढलेल्या उंदरांच्या पेशी डिशमध्ये वाढवल्या. सिनॅप्स झालेच! नेहमीइतकेच झाले. फक्त लंगडे. पेशीत सुई घालून वीज मोजली तर निरोप पोचतोय, पण मेल्यासारखा. म्हणजे ते प्रोटीन सिनॅप्सला जन्म देत नाही, त्याला कामाचा करतं. एवढंच माझं म्हणणं. कुणाला शिवी दिलेली नाही!

घोळ एकच. न्यूरोलिजिनला चिकटून हिरवी चमकणारी अँटिबॉडी टाकली, की माझ्या डिशही चमकतात. चमकायला नकोत. किशोर म्हणतो, "प्रोटीन आहेच की त्यात! साध्या उंदरांचे पिंजरे मिसळलेस तू."

नाही मिसळले! एकेका पिल्लाच्या शेपटीचा तुकडा तपासलाय, पुन्हा तपासलाय. जनुक नाही म्हणजे नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

गुरुवार, वीजकपातीचा दिवस, म्हणून लवळ्यात आमच्या इन्स्टिट्यूटच्या टेकडीवर लाईट नव्हती. जनरेटरवर फक्त इन्क्युबेटर. सरांनी अंधाऱ्या केबिनमध्ये बोलावलं. बरंच झालं, माझं तोंड दिसलं नाही त्यांना.

"नव्याने कर. उंदीरही नवे मागवू. तुझे पिंजरे पुढच्या शुक्रवारी किशोरला दे, मायक्रोस्कोपची वेळही."

नव्याने म्हणजे दीड वर्ष. फेलोशिप मार्चमध्ये संपतेय. हे सरांना माहीत नाही? चांगलं माहीत आहे! सरळ म्हणा ना, पीएचडी सोड म्हणून.

बाहेर पडले तर किशोर दारातच. "टेन्शन कशाला घेतेस? तुम्हाला काय, तुमची फेलोशिप वेगळी असते. वाढवून मिळेल."

तुम्हाला! मला अगं-तुगं करणारा हा माणूस. त्या एका 'तुम्हाला'त आमची अख्खी वस्ती बसवली त्याने. सरांनी आतून ऐकलं. नक्की ऐकलं, दार उघडंच होतं.

१८ जानेवारी, रविवार

घरी गेले होते. उगाच गेले.

आई भाकरी थापता थापता, "तुजं कवा संपतंय गं? बाळाबाई सारखी इचारतीया, पोरगी डाक्टर झाली का न्हाई."

"न्हाई झाली! होऊ देत न्हाईत!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचं कुत्रं उठून गेलं.

आईनेही तवा आदळला. "माज्यावर कशाला वरडतीस? ज्यांनी आडवलंय त्यांच्यावर वरड की. तितं मांजर, हितं वाघ!"

अण्णा पेपर बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "सर मोठा मानूस हाय, गौतमी. जपून बोल." सगळ्यांनी मलाच जपायला सांगायचं. सरांना कुणी सांगत नाही, जरा जपून म्हणून!

येताना स्कूटी पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. आईचं बोलणं डोक्यात घुमत होतं. मला ते झोंबलं, कारण खरं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

पिपेट धुता धुता एकदम वाटलं — चमकतंय म्हणजे प्रोटीन आहेच, हे कुणी ठरवलं?

ही अँटिबॉडी सरांनी परदेशातून येताना आणलेली. डीप फ्रीजरमध्ये वेगळ्या खणात असते. लॅबमध्ये नवीन कुणी आलं की सर स्वतः त्यातली एक छोटी ट्यूब हातावर ठेवतात. सगळे तिला प्रसाद म्हणतात. मी म्हणत नाही. पण घेतली होती मीही, दोन्ही हातांनी.

किशोरला विचारलं, "ही न्यूरोलिजिन सोडून दुसऱ्या कशाला चिकटत नाही ना? तपासलंय कुणी?"

"अगं, सरांची आहे ती!" जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोलले.

मग सरांकडेच गेले. मांजर नाही झाले ह्या वेळी. "सर, तुम्ही कशावर तपासली होती?" सर चष्मा काढून पुसायला लागले. "तेव्हा तपासली होती, गौतमी. कशावर ते आता आठवत नाही." वर म्हणाले, "स्वतःच्या चुकीचं खापर अँटिबॉडीवर फोडू नकोस."

असं आहे तर! बघूच.

२१ जानेवारी

माझ्या उंदरांवर पुन्हा करून दाखवण्यात अर्थ नाही. पिंजरे मिसळले हीच टेप वाजणार. जिथे न्यूरोलिजिन असूच शकत नाही असं काहीतरी हवं, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

शेजारच्या लॅबमधली दीपमाला उंदराच्या लिव्हरवर काम करते. तिच्याकडे लिव्हरचे काप मागितले. ती हसायला लागली. "लिव्हरमध्ये न्यूरोलिजिन शोधतेस? वेड लागलंय का तुला? नसतंच ते!"

"नसतं ना? मग दे."

दिले तिने. कशासाठी ते विचारलं नाही. ह्या टेकडीवर एक तरी माणूस आहे म्हणायचं.

२२ जानेवारी, गुरुवार

कापांवर अँटिबॉडी टाकून ठेवलीय. पिंजऱ्यांवर किशोरने आजच स्वतःच्या नावाच्या पट्ट्या लावल्या! उद्यापर्यंत धीर नाही! माझं नाव नखाने खरवडून काढलंय.

२३ जानेवारी, शुक्रवार

लिव्हर चमकलं! हिरवंगार! दुसरा काप लावला, तोही. तिसराही. लिव्हरमध्ये कुठलं आलंय न्यूरोलिजिन! ही अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय.

म्हणजे माझ्या डिश खऱ्या होत्या. आणि सरांचे सगळे पेपर, किशोरचा अख्खा थीसिस, अण्णांनी फ्रेम करून लावलेला माझा पहिला पेपर — सगळं ह्याच चमकेवर मोजलेलं. हसू येईना, रडूही येईना.

तेवढ्यात किशोर पिंजरे न्यायला आला. दारातूनच म्हणाला, "काय, चमकलं का?"

"चमकलं," म्हटलं.

हसला. काय चमकलं, ते विचारलं नाही त्याने.