डीकनची प्रार्थना आणि दाराबाहेरचा लेमुएल

ती. अरझेलाताईस,

बेसेमरहून थॅडियसचा वाकून नमस्कार. प्रभूच्या कृपेनं आम्ही सगळे खाऊनपिऊन सुखी आहोत, आणि डेट्रॉइटात तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. (भावोजींच्या पोटाबद्दल विचारत नाही, मागे विचारलं तर चार पानी उत्तर आलं.) आई ठणठणीत आहे, म्हणजे सकाळपासून एकेकाला फैलावर घेते आहे.

तर गेल्या रविवारी आपल्या गॅडबेरी गायक-चौकडीचा वार्षिक कार्यक्रम झाला. कुणीतरी तिखटमीठ लावून कळवायच्या आत खरं काय ते माझ्याकडूनच कळलेलं बरं. चर्चच्या ज्येष्ठ मातांच्या मंडळानं आम्हाला आधीच बजावलं होतं, की तुमच्या स्तोत्रांत क्लबातलं सोल संगीत शिरलंय, ओथाकाकाची गिटार देवाच्या घरात ठुमकते. या वेळी जर उपासना वाटली नाही, तर या चर्चमध्ये पुन्हा उभं राहायचं नाही. बाबांनी खाणीतून आल्यावर अंगणात बसून जमवलेली चौकडी, आणि तिचा निकाल लावणार मंडळाची अध्यक्षीण, म्हणजे साक्षात आपली आई! तू सोल गायला घर सोडून गेलीस तेव्हापासून तिला गिटारीत सैतानच दिसतो, तुला माहीत आहे. पण मी बेफिकीर होतो. तू गेल्यापासून वरचा सूर मीच लावतो, आणि छान लावतो असं लोक म्हणतात. (कोण लोक, ते आत्ता आठवत नाही.)

सुरुवात तर अशी झाली की काय सांगू! चर्च गच्च, पंखे हलतायत, बायका उभ्या राहून ओरडतायत. आपला लेमुएल धाकटा असला तरी मुख्य गायक म्हणून तोंडात मारेल भल्याभल्यांच्या. त्यानं टपालानं मायक्रोफोनची लांबच लांब वायर मागवली होती. गाणं रंगात आल्यावर एकच ओळ धरून ठेवायची आणि मुख्य गायकानं परत येऊन हात खाली केल्याशिवाय मागच्यांनी थांबायचं नाही, हा बाबांचा नियम तू विसरली नसशील. तर लेमुएल गात गात बाकांमधून चालत निघाला, तो दारातून बाहेर, पायऱ्या उतरून थेट अंगणात, जिथे बायका जेवणासाठी मासे तळत होत्या. (वासानं गेला असं माझं मत. तो म्हणतो, आत्म्यानं नेलं.)

नेमकं त्याच घटकेला चर्चचे सेवक, आपले डीकन प्रुइट, यांना भरून आलं आणि ते उठून प्रार्थना करू लागले. झालं! प्रार्थना सुरू झाली की दार बंद, आणि आमेन होईपर्यंत कुणाला आत घ्यायचं नाही, मग तो गव्हर्नर का असेना, हा दार सांभाळणाऱ्या वर्दी मेचा नियम. तिनं पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी दार लोटलं, ते वायरीवरच. आता डीकनचं तुला ठाऊक आहे. मागे गाणं चालू आहे तोवर देवाला आणखी ऐकायचंय असं ते धरून चालतात. म्हणजे बघ, लेमुएल आल्याशिवाय आम्ही थांबायचं नाही, आम्ही थांबल्याशिवाय डीकन थांबणार नाहीत, आणि डीकन थांबल्याशिवाय लेमुएलला आत घ्यायचं नाही!

डीकननी आजारी माणसांसाठी मागून झालं, प्रवाशांसाठी झालं, मग चंद्रावर जाऊन आलेल्यांसाठी झालं. बाहेरून लेमुएल कुजबुजत होता, पण हातात मायक्रोफोन असल्यामुळे ते अख्ख्या चर्चला ऐकू येत होतं. “वर्दी मे, अगं मी आहे!” “प्रार्थना चाललीय.” “बाई गं, ती माझ्यामुळेच चाललीय!” “मग शांत उभा राहा.” ओथाकाकाची बोटं सुजली, त्यानं बाकाला पाठ टेकली. आणि माझा वरचा सूर, ताई, तो जरा विश्रांतीला गेला. (फाटला असं जो कुणी म्हणेल त्याला पाण्यात बघू नकोस, पण विश्वासही ठेवू नकोस.)

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आई उठली. मी मनात म्हटलं, आटोपला कारभार. आता भर चर्चमध्ये निकाल सांगते. तिनं पर्स शेजारणीच्या मांडीवर ठेवली, टोपी नीट केली आणि माझा सुटलेला सूर उचलला. आणि कसा उचलला! चर्चमधल्यासारखा सरळ नाही गं. वर नेऊन, मोडून, कण्हत खाली आणायचा, अगदी तू आणतेस तसा, तोच वळसा, तीच मध्येच श्वास घ्यायची जागा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग तिनं हात वर केला आणि खाली आणला. आम्ही थांबलो. मागचं गाणं गेलं तसे डीकन उघडे पडले, म्हणाले “आमेन”. दार उघडलं आणि लेमुएल आत आला, ओठांना तळलेल्या माशांवरचं मक्याचं पीठ लागलेलं.

घरी मी विचारलं, “आई, हे कुठे शिकलीस?” तर म्हणाली, “भांडी पडलीयत, घास.”

तेव्हा काळजी नसावी. मंडळाचा निकाल आपल्या बाजूनं लागला, गिटार राहिली. चौकडी एकदम भक्कम आहे, कुणाची काही कमी नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा,
थॅडियस

ता. क. निकालात एक किरकोळ अट आहे. ईस्टरपासून वरचा सूर मी लावायचा नाही. “देवानं काय पाप केलंय?” असे आईचे शब्द. आई स्वतः गाणार नाही म्हणते. तर बघ, सहज जमलं तर.

ता. क. २. हे तुला लिही असं आईनं सांगितलंय, ते तुला सांगायचं नाही असंही तिनं सांगितलंय.

ता. क. ३. थॅडियस पाकीट चिकटवायला गोंद शोधतोय तोवर लिहिते. तुझी रेकॉर्ड वाजवून वाजवून झिजली. वरचा सूर येतो तिथे नुसती खरखर ऐकू येते. दुकानात जाऊन विचारलं, तर ती आता मिळत नाही म्हणाले. तेव्हा तूच ये. — आई