आमच्याकडे क्सेनी आले त्याची हकीकत

आनो करिदिया,
संत दिमित्रीच्या सणानंतरचा मंगळवार

ताई पोलिक्सेनी,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना रिझोसचा नमस्कार. (कुठला जास्त दुखतो ते तू कळवलं होतंस, पण मी विसरलो, म्हणून दोघांनाही सारखाच.) यानिनाला तळ्याचा ओलावा फार, तेव्हा लोकरीचे मोजे काढू नकोस. इकडे आमच्या कारभारणीची, एवांथियाची कंबर ठीक, शेळ्या ठीक. तू गावाला बघायला म्हणून खुली करून दिलेली हवेलीही ठीक. रंगीत छत शाबूत, आणि जुन्या पोशाखातले ते म्हातारा-म्हातारीचे पुतळे आपापल्या जागी बसलेले आहेत. ठीक नाही तो फक्त मी. रविवारपासून माझं डोकं जात्यासारखं फिरतंय, आणि लिहिता लिहिता तरी काय झालं ते आपल्याला कळेल, या आशेवर बसलो आहे.

माझी नात आरेती डेन्मार्कात लोकांचे दात दुरुस्त करते आणि तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला, हे तुला ठाऊक आहेच. त्याचे आईवडील रविवारी आपल्याकडे यायचे होते. आरेतीनं मला बजावलं होतं, की आजोबा, त्यांना आपली भाषा ओ की ठो येत नाही, पण जुनी घरं आणि दगडी पूल म्हटलं की वेडे होतात. ते पुलाशी उतरून खेचरांच्या वाटेनं चालत येतील, आम्ही दोघं गाडीनं वळसा घालून मागून येतो. म्हटलं, येऊ देत. एवांथियानं पहाटेपासून भाजी-चीजची पीता लाटली. मी पेटीतून आजीचा चांदीचा कमरपट्टा काढला आणि राखेनं घासला. (आजीनं दोन घडवले होते, एक तुझ्या आईला, एक माझ्या आईला. तुझा इथं तुझ्या हवेलीत काचेच्या कपाटात आहे.) लग्नाचा शब्द देताना पट्टा मुलाच्या आईच्या हाती द्यायचा आणि तिनं तो लग्नादिवशी सुनेला बांधायचा, ही आपली रीत. आरेती परकरात होती तेव्हापासून या पट्ट्यावर डोळा ठेवून आहे.

तेवढ्यात कॉफीवाला कोस्मास वरच्या चौकातून बोंबलला, "रिझोस, क्सेनी आले रे! पूल ओलांडला!" आता माझी चूक असेल तर कान धर. आपल्या बापजाद्यांनी ग्रीक भाषेत परक्याला आणि पाहुण्याला शब्द एकच ठेवला, क्सेनी. (त्यांचं मोठं मन म्हण नाहीतर आळस म्हण.) मी धावत फाटकाशी गेलो, तर एक ताडमाड पुरुष आणि लाल टोपीची बाई, हातात काठ्या, तोंडं टोमॅटोसारखी. मी त्यांना मिठी मारली. ते दचकले, मला वाटलं, थंड मुलखातली माणसं, वितळायला वेळ लागायचाच. खाऊन होईपर्यंत पाहुण्याला नाव-गाव विचारायचं नाही, एवढं आजीनं आपल्याला शिकवलंय. आधी अक्रोडाचा मुरंबा, मग घरच्या दारूचा, त्सिपुरोचा पेला, मग पीता. अख्खी परात संपली, ताई. मग ते उठले आणि घर तपासायला लागले. भिंती ठोकल्या, तुळया मोजल्या, पलंगाचा फोटो काढला, कपाट उघडलं. एवांथिया माझ्या कानाशी म्हणाली, "खेचर घेतायत का सून? तुमचे दात बघायचे तेवढे राहिलेत." मी म्हटलं, "गप गं, दातांचं आरेती बघेल." आणि डोळ्यांत पाणी आणून मी पट्टा त्या बाईच्या कमरेला बांधला. तीही रडली. जाताना तिनं मुरंब्याच्या बशीत एक नोट ठेवली! व्याह्यांनी, मुरंब्याच्या बशीत! एवांथिया अजून ती नोट चिमट्यानं उचलते.

त्यानंतर आरेती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "आजोबा, सासूबाई कुठायत?" म्हटलं, "गेल्या की, पोटभर खाऊन, पट्टा बांधून." पोरगी पांढरीफटक पडली. कारण तिच्या फोनमधली सासू लाल टोपीची नव्हतीच, गोलमटोल होती. लाल टोपीवाले कुणी वाटसरू, माझंच घर तुझी हवेली समजून बघून गेले असणार. खऱ्या व्याह्यांना कोस्मासनं परके समजून तुझ्या हवेलीचं तिकीट फाडलं होतं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, सुनेचं घर बघण्याआधी तिकीट काढायचं, हीच इथली रीत असणार! आत जाऊन ते तुझ्या दोन पुतळ्यांसमोर अदबीनं बसून राहिले. त्यांचं बोलणं आरेतीनं आपल्या भाषेत करून सांगितलं: "तुमच्या घरचे वडीलधारे फार भारदस्त, पण जरा अबोल वाटले." मला हसावं की जमिनीत जावं ते कळेना. घरात पाव आणि ऑलिव्ह उरले होते. त्या माउलीनं तेच मिटक्या मारत खाल्ले आणि एवांथियाचा पीठभरला हात किती तरी वेळ सोडला नाही. शब्द द्यायची वेळ आली तेव्हा मी रिकामे हात पुढे केले. आरेती हसली, पण मी तिला ओळखतो. स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसून आली.

असो. तुझ्या नावाचाच अर्थ 'पुष्कळ क्सेनी', तेव्हा यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला काहीच मागायचं नाही, नुसती खुशाली कळवली.

तुझा भाऊ,
रिझोस

ता. क. – लग्न वसंतात आहे. काचेच्या कपाटातला तुझा पट्टा त्या दिवसापुरता दे. आरेतीनं मागितलेला नाही, म्हणूनच मी मागतो.

ता. क. २ – पाकीट चिकटवतच होतो, तर कोस्मास पुन्हा बोंबलतोय, "रिझोस, तुझे क्सेनी आले!" विचारलं, कुठले? म्हणतो, "मला काय ठाऊक, क्सेनी ते क्सेनी. बाईच्या डोक्यावर लाल टोपी आहे." एवांथिया चिमट्यात नोट धरून फाटकाशी उभी आहे. पट्टा परत आणला असेल तर वरची ओळ खोडली असं समज. नुसतीच पीता खायला आली असेल, तर तुझ्या कपाटाची किल्ली आरेतीच्या हातात दे. माझ्या हातात देऊ नकोस. मी आत्ताच त्या बाईला पुन्हा मिठी मारणार आहे.