हारातलं गवत

सातारा,
१८ नोव्हेंबर १९७४

प्रिय धोंडिराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालणार होतास, हे मला ठाऊक आहे. घातलं नाहीस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकलो. तुला दहिवडीला जाऊन अकरा महिने झाले. तुझी बदली कागदावर साहेबांनी केली, पण खरी केली ती माझ्या तोंडानं आणि तुझ्याविरुद्धच्या माझ्या अर्जानं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे.

गेल्या वर्षी तू जंगलखात्याच्या वतीनं टेकडीची सरळ चढणारी वाट काटेरी फांद्या लावून बंद केलीस आणि लोकांना जुन्या, वळणाच्या वाटेनं जायला सांगितलंस. मी पेटलो. फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासून मिठाच्या सत्याग्रहापर्यंत सगळा इतिहास त्या दोन फर्लांगांच्या वाटेला जुंपला. सरकारी काट्यांनी जनतेचे पाय अडत नाहीत, या वाक्याला टाळ्या पडल्या, तुझे काटे दरीत गेले आणि माझ्या गळ्यात सहा हार आले. तू गर्दीच्या कडेला खाकी कपड्यांत उभा होतास. सभा संपल्यावर एवढंच म्हणालास, "हंबीर, बोलतोस लय ग्वाड. पर ते हार वर टाकत जाऊ नगंस, गड्या." मला वाटलं, तुला माझ्या हारांचा हेवा वाटतो. चौथीपासून एका बाकावर बसलेल्या माणसाबद्दल मला असं वाटलं!

यंदा श्रावण सरता सरता बायडाबाई दारात येऊन उभी राहिली. तीच, म्हशींसाठी टेकडीवरचं गवत कापणारी. "आवं हंबीरराव, चला जरा वर. तुमची शेती बघाय." वर काय पाहतो! पावसानं माती वाहून नेऊन सरळ वाटेचा ओढा झालेला आणि दोन्ही काठांनी कमरेइतकं गाजरगवत. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि त्याच्या खाली दुसरं काही उगवत नाही. बायडाबाईनं खाजेनं लाल झालेले हात दाखवले. मग मी ज्यावरून बोलतो तो कातळ दाखवला, आणि ज्यावर गळ्यातले हार उतरवून ठेवतो तो म्हसोबाचा कट्टाही. सगळीकडे पांढरं रान माजलेलं. म्हणाली, "जितं जितं भाषण ठोकलंसा, तितं तितं उगवलंय. येवडी पेरणी आमच्या मालकानं बी कवा केली न्हाई."

मी तडक मंडईतल्या फुलवाल्याकडे गेलो. हारात झेंडूच्या मधे मधे ही पांढरी बारीक फुलं कुठली, विचारलं. तो खुशीत म्हणाला, "रस्त्याकडंची जी. त्यानं हार कसा भरगच्च दिसतो!" धोंडिराम, ते बी मी वर्षानुवर्षं छाती फुगवून टेकडीवर नेत होतो. लोक त्या गवताला ज्या पक्षाच्या नावानं ओळखतात, त्या पक्षाविरुद्ध आयुष्यभर बोललो, आणि गवताचा मोठा प्रचारक मीच निघालो!

पुढच्याच रविवारी कामाला लागलो. बायका तीस, पुरुष आठ, पुढारी बायडाबाई. हाताला फडकी गुंडाळायची आणि फूल धरायच्या आत रोप मुळासकट उपटायचं. पहिल्याच दिवशी मी फुलावर आलेली जुडी हातात धरून, हातवारे करत, श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलू लागलो. बायडाबाई ओरडली, "ती खाली ठिवा आदी! पुन्ना पेरताय व्हय?" तेव्हापासून नियम झाला, हातात झाड असताना हंबीररावांनी तोंड उघडायचं नाही. चार तास गप्प राहिलो. घरी आल्यावरही बोलेना, तेव्हा तुझ्या लीलावहिनीनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सरळ वाट आम्ही पुन्हा बंद केली, तुझ्याच जागी, बाभळीच्याच फांद्यांनी. घळीत दगडांचे आडवे बांध घातले. परतीच्या पावसात दोन वाहून गेले. तू दगड बसवतोस, आम्ही नुसते रचतो, तो फरक आता कळला. पण म्हसोबाच्या मागं खळ्याएवढ्या तुकड्यात गुरांच्या आवडीचं पवन्या गवत पुन्हा उभं राहिलंय. परवा बायडाबाईनं त्यातला पहिला भारा कापला आणि डोक्यावर घेऊन अशी उतरली, की जणू गावातून वरात चाललीय. आम्ही सगळे मागून शिट्ट्या मारत होतो. माझ्या वयाला शोभत नाही, पण मी सगळ्यात मोठ्यानं मारली.

काल त्याच कातळावर उभा राहिलो, हार न घेता. म्हणालो, "वाट बंद करणारा धोंडिराम बरोबर होता. मी चुकलो. त्याच्याविरुद्ध केलेला अर्ज मी मागं घेतलाय." आणि खाली उतरलो. लोकांना वाटलं, ही प्रस्तावना आहे, बसूनच राहिले. त्याआधी तुझ्या साहेबांनाही भेटून आलो. ते हसून म्हणाले, "तुमच्या भाषणानं माणूस हलवता आला, हंबीरराव. परत आणायला त्याची स्वतःची सही लागते." इथली जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी आहे. तुझ्या विनंतीचा अर्ज सोबत आहे. मीच लिहिलाय, पण अर्धंच पान, घाबरू नकोस. राग गेला नसेल, तर रागातच सही कर. इथं आल्यावर माझ्याशी बोलू नकोस, हवं तर वर्षभर बोलू नकोस. पण ये, रं.

तुझाच,
हंबीर